नर्सिंग होममधली नर्स प्रॅक्टिशनर काय करते, आणि गावाकडच्या आपल्या म्हाताऱ्यांना तिचा काय उपयोग?

खाडीपलीकडची
गेले पाच आठवडे मी देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत आहे. बाबा ८४ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, तेव्हापासून माजघरातल्या खाटेवर आहेत. मी मिनेसोटात एका नर्सिंग होममध्ये नर्स प्रॅक्टिशनर आहे. आल्यापासून पडवीत जो येऊन टेकतो तो विचारतो, "म्हणजे तू डॉक्टरीण की नर्स?" दर वेळी चहा होईपर्यंत जेवढं सांगता येईल तेवढं सांगते आणि ते अर्धवटच राहतं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी शब्दाचा घोळ. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे दहा खाटांचं खाजगी हॉस्पिटल, बहुतेक बाळंतपणाचं. तिकडे नर्सिंग होम म्हणजे ज्यांना घरी सांभाळणं शक्य नाही त्यांचं राहतं घर. माझ्याकडे अर्धांगवायू झालेले, स्मृतिभ्रंशाचे, कंपवाताचे, हृदय थकलेले असे लोक आहेत. बरेचजण शेवटपर्यंत तिथेच राहतात. त्यांना ऑपरेशन नको असतं, मोठं मशीन नको असतं. कालच्यापेक्षा आज काय बदललंय हे ओळखणारं आणि त्यावर लगेच काही करू शकणारं माणूस हवं असतं.

डॉक्टरांनी रहिवाशाला किती वेळा बघायचं याचा तिकडे नियम आहे. पहिले ९० दिवस दर ३० दिवसांनी, त्यानंतर ६० दिवसांतून एकदा. पहिली सविस्तर तपासणी डॉक्टरांनीच करायची, पुढच्या भेटी डॉक्टर आणि नर्स प्रॅक्टिशनर आलटूनपालटून करू शकतात. साठ दिवस! म्हाताऱ्या माणसाचं साठ तासांत होत्याचं नव्हतं होतं. पाळीवरच्या नर्सला बदल दिसतो, पण औषध बदलायचा अधिकार तिला नाही. ती रात्री फोन लावते. फोनवरच्या डॉक्टरने त्या आजींना कधी पाहिलेलं नसतं, म्हणून तो सांगतो की हॉस्पिटलला पाठवा. मग ॲम्ब्युलन्स, अनोळखी छत, हाताला सलाईन, लघवीची नळी. चार दिवसांनी आजी परत येतात तेव्हा आजार बरा असतो, पण कंबरेखाली शय्याव्रण (पडून राहून होणारी जखम) असतं आणि लेकीचं नाव आठवत नसतं.

बघणारी एक आणि ठरवणारा दुसरा, या दोघांमधली जागा नर्स प्रॅक्टिशनर भरते. आधी नोंदणीकृत नर्स, त्यावर मास्टर्स किंवा डॉक्टरेट, मग राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना. ती तपासते, निदान करते, रक्त-एक्स-रे सांगते, औषध लिहिते. काही राज्यांत त्यासाठी डॉक्टरशी लेखी करार लागतो. मिनेसोटात २०१५ पासून, ठराविक काळ अनुभवी माणसाच्या सोबतीने काम केल्यावर, स्वतंत्रपणे करता येतं.

ही कल्पनाच मुळात डॉक्टर न पोचणाऱ्या गावांसाठी निघाली. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तो मुलांच्या आरोग्यासाठी. म्हाताऱ्यांकडे ती वळली ती पुढे. १९८७ मध्ये मिनेसोटातच दोन नर्स प्रॅक्टिशनरांनी एव्हरकेअर नावाची पद्धत सुरू केली: नर्सिंग होममधल्या ठराविक माणसांमागे एक नर्स प्रॅक्टिशनर, ती नेहमीचीच. २००३ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एव्हरकेअरमधल्या १०० माणसांमागे महिन्याला साधारण अडीच जण हॉस्पिटलात जात होते, बाकीच्यांत साडेचारच्या वर. म्हणजे जवळजवळ निम्मे.

आकडा बाजूला ठेवा. माझ्याकडच्या एक आजी रोज न्याहारीला येताना कानात डूल घालतात. एके दिवशी घातले नव्हते. ताप नाही, खोकला नाही, तक्रार नाही. मी खुर्ची ओढून बसले, पोट तपासलं. मूत्राशय फुगलेलं होतं. आदल्या आठवड्यात कोणीतरी सर्दीसाठी दिलेल्या गोळीने लघवी अडली होती. गोळी बंद केली, एकदा नळी घालून मूत्राशय रिकामं केलं. दोन दिवसांनी डूल कानात होते. डूल नाहीत हे ज्याला कळतं त्यालाच गोळी बंद करता यायला हवी, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता बाबांचं ऐका, ते जास्त महत्त्वाचं आहे. गेल्या वर्षी त्यांना ब्लडप्रेशरसाठी अम्लोडिपिन सुरू झालं. या गोळीने कित्येकांच्या पायांवर सूज येते, बाबांच्याही आली. सूज दिसली म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी पाणी उतरवायची गोळी दिली, दिवसातून दोनदा, त्यातली एक संध्याकाळी. त्यामुळे रात्री अंथरूण तीन-तीनदा ओलं. श्रावणातली हवा, वाकळ वाळत नाही, चादरी चुलीवरच्या दोरीवर. ओल्यात पडून माकडहाडाशी कातडी फाटली. त्यात मीठ बंद केलेलं, म्हणून सोडियम उतरलं आणि बाबा दिवसभर झोपून. घरच्यांना वाटलं, वय झालं आता. मी आले तेव्हा जखम रुपयाएवढी होती.

यात कोणाची चूक दाखवता येत नाही. प्रत्येक डॉक्टरने आपल्यापुढे जे आलं त्यावर बरोबर औषध दिलं. पण सगळं एकत्र कोणीच पाहिलं नव्हतं. मला इथे औषध लिहायचा परवाना नाही, म्हणून मी काहीच बंद केलं नाही. सगळ्या गोळ्या पिशवीत भरल्या, तारखांनिशी क्रम लिहिला आणि तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे वाचलं, सोडियम करून घेतलं, ब्लडप्रेशरची गोळी बदलली आणि पाण्याची गोळी आधी कमी करून मग थांबवली.

महिन्याभरात मी परत जाईन. नंतर हे कोण बघणार, हा माझा प्रश्न आहे. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे ते लिहा.

चाकरमानी७२
ताई, वाचताना पोटात कालवलं. आई ७९ वर्षांची, गुहागरकडे एकटी असते. मी डोंबिवलीला. डोंबिवलीला ये म्हटलं तर चार दिवसांत जीव घुसमटतो तिचा, "माझी गाय कोण बघील" म्हणते. गाय विकून तीन वर्षं झाली.
आमच्या वाडीत ११ घरं आहेत, त्यांतली सहा फक्त गणपतीत उघडतात. २००१ आणि २०११ च्या जनगणनांमध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. जे कमी झाले ते आम्ही, कमावते. राहिले ते आईसारखे.
तिला हल्ली सकाळी उठल्यावर चक्कर येते. दोनदा बावीवर तोल गेलाय. सणाला गेलो की चिपळूणला दाखवतो, ते गोळ्या लिहून देतात. तुमच्यासारखं माणूस इथे नाही हे कळलं. मग आज मी काय करू, ते सांगा.

खाडीपलीकडची
दादा, दोन गोष्टी या शनिवार-रविवारी करा. पहिली, घरातली एकूण एक औषधं एका ताटात काढा. फडताळातली, देव्हाऱ्यामागची, उशीखालची. ब्रँडचं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते प्रत्येकाचं वहीत उतरवा. दुसरी, सकाळी आई उठायच्या आधी झोपलेली असतानाच ब्लडप्रेशर घ्या, मग उभं राहिल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. ही तिन्ही मोजमापं आणि वही डॉक्टरांना दाखवा. काहीही स्वतःहून बंद करू नका, काही गोळ्या एकदम थांबवल्या तर उलटतात.

जांभ्याचा चिरा
राजापूर तालुक्यात २६ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. बाईंनी तळमळीने लिहिलं आहे आणि अम्लोडिपिनचं उदाहरण अगदी खरं आहे. मी स्वतः ती सूज पाहून पाण्याची गोळी दिलेली आहे, एकदा नव्हे. आज वाचून चार पेशंट डोळ्यांसमोर आले, उद्या त्यांना बोलावतो.
तरीही मला चिंता वाटते, ती उघडपणे मांडतो. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणात प्रत्यक्ष पेशंट बघण्याचे तास बरीच वर्षं किमान ५०० होते, २०२२ मध्ये नव्या निकषांनी ते ७५० केले. आमच्याकडे एम.बी.बी.एस. नंतरची नुसती इंटर्नशिप वर्षभराची असते. म्हातारा पेशंट सोपा नसतो, उलट सगळ्यांत अवघड असतो. छातीत न दुखता हार्ट ॲटॅक येतो, ताप न येता न्यूमोनिया होतो. तिथे कमी शिक्षण कसं चालेल?
दुसरं, आपल्याकडे आधीच कोणीही काहीही देतं. मेडिकलवाला देतो, गावात सलाईन लावणारे आहेत. त्यात आणखी एक वर्ग औषधं लिहायला लागला तर चूक झाल्यावर जबाबदार कोण? २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम ३२ आलं, डॉक्टर नसूनही मर्यादित परवान्यावर औषधं देऊ शकणारे सामुदायिक आरोग्य सेवक. तेव्हा डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर आल्या त्यामागे हीच भीती होती. केवळ पोटदुखी म्हणून तिच्याकडे बघू नये.

खाडीपलीकडची
डॉक्टरसाहेब, तासांचा मुद्दा मला मान्य आहे. मी नर्स म्हणून नऊ वर्षं काम केल्यावर पुढे शिकले, पण आता थेट शिकून येणाऱ्याही आहेत. त्यांच्याबद्दल मलाही काळजी वाटते. पहिली दोन वर्षं अनुभवी डॉक्टरांच्या हाताखाली काढल्याशिवाय म्हाताऱ्यांच्या घरात एकटीने काम करू नये, असं माझं ठाम मत आहे.
पण मी डॉक्टरांची जागा घेत नाही. माझ्याकडे आठवड्याला दोन-तीन माणसं अशी असतात की मी फोन उचलते आणि सांगते, "हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, तुम्ही या." बाकीचा दिवस कशात जातो ते सांगते. कोणाची शौचाची तक्रार, कोणाच्या टाचेवर लाली, कोणाचं गिळताना ठसकणं, कोणाच्या लेकीशी अर्धा तास बोलणं. नवीन औषध देण्यापेक्षा जुनं कमी करण्यात माझा जास्त वेळ जातो. साहेब, तुमच्या ओपीडीत दिवसाला किती पेशंट? त्यांतल्या प्रत्येकाची टाच बघणं तुम्हाला शक्य आहे का? हे दोष म्हणून विचारत नाही.

जांभ्याचा चिरा
सत्तर. भातलावणीच्या आणि तापाच्या दिवसांत नव्वद. टाच बघत नाही, हे खरं आहे.

उपकेंद्रावरून
मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. बी.एस्सी. नर्सिंग केलं, मग सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा कोर्स. आयुष्मान भारत २०१८ मध्ये आलं त्यानंतर ही पदं निर्माण झाली. आमच्या केंद्राने द्यायच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची देखभाल आहे आणि असाध्य आजारातली वेदनाशामक देखभालही आहे. म्हणजे कागदावर खाडीपलीकडच्या ताई जे लिहितायत त्यातलं बरंच माझ्या कामात येतं.
प्रत्यक्षात काय होतं ते लिहिते. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी प्रेशर-शुगरच्या गोळ्या सुरू केल्या की महिन्याच्या महिन्याला मी देते. डोस बदलायचा अधिकार मला नाही, आणि नसावा असंच मलाही आत्ता वाटतं, कारण तेवढं शिकवलेलं नाही. ई-संजीवनीवर डॉक्टरांशी जोडून देते, रेंज असली तर. आमच्या तीन वाड्या डोंगराच्या कुशीत आहेत, तिथे रेंज मिळवायला शाळेच्या टाकीवर चढावं लागतं. डोंगराळ भागात उपकेंद्र ३,००० वस्तीमागे धरतात. पण हे तीन हजार एका रस्त्यावर राहत नाहीत. एका पाखाडीला १८० पायऱ्या आहेत, मी मोजल्यात. त्या पायऱ्यांखाली चार घरं, चारही घरांत साठीच्या पुढची माणसं. जे केंद्रावर चालत येतात त्यांचं सगळं नोंदलेलं असतं. जे येऊ शकत नाहीत, ज्यांना खरी गरज आहे, त्यांच्यापर्यंत मी महिन्यातून एकदा पोचते. ऑनलाइन नोंदी भरायच्या दिवसांत तेही नाही.
ताई, मला शिकायचंय. शय्याव्रणाबद्दल लिहाल का? इथे घरोघरी स्पिरिट आणि पावडर चोळतात.

खाडीपलीकडची
तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. १८० पायऱ्या मोजणारी व्यक्ती मिळणं हीच अर्धी लढाई आहे.
स्पिरिट आणि पावडर दोन्ही थांबवायला सांगा. स्पिरिटने कातडी कोरडी होऊन चिरते, पावडर घामात मिसळून गोळे होतात आणि ते टोचतात. लाल जागेवर मालीशही नको, खालचं मांस आधीच दुखावलेलं असतं. बोटाने लाली दाबून बघा. दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिली तर व्रण सुरू झालाय असं समजायचं. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून गरम-कडक लागतं का ते बघा. दर दोन तासांनी कूस बदलायची, पूर्ण आडवं न करता पाठीमागे उशी देऊन थोडं तिरकं. पोटरीखाली उशी अशी की टाच अधांतरी राहील. ती हवेची गोल रिंग मिळते ना, ती वापरू नका, कडेने रक्त अडतं.
एअर बेडबद्दल एक इथलीच गोष्ट. बाबांसाठी भावाने चांगला घेतला होता. वादळी पावसात आमच्याकडे वीज बारा-बारा तास जाते. पंप बंद पडला की गादी बसते आणि बाबा थेट फळीवर. आता खाली जाड फोमची गादी कायम घातलीये, वीज गेली की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून कूस बदलतात. वहिनीने त्या वेळा कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली.

माडाखालची
मी मालवणातली निवृत्त शिक्षिका, वय ७६. तुम्ही सगळे म्हाताऱ्यांविषयी बोलताय, म्हणून एक म्हातारी लिहिते.
मला सात गोळ्या आहेत. त्यांतली एक कशासाठी आहे हे मला चार वर्षं ठाऊक नाही. विचारायला जाते तेव्हा बाहेर तीस माणसं खोळंबलेली असतात, मग विचारायचं राहून जातं. घरी लेक फोन करून विचारते, "औषध घेतलंस?" घेतलं म्हणते. "कसं वाटतंय?" असं विचारलं तर सांगायला पुष्कळ आहे, पण ते फोनवर सांगून होत नाही. माझी शेजारीण परवा म्हणाली ते तसंच लिहिते: "आमका डॉक्टर मोठो नको गो, येळार इचारणारो माणूस होयो."
त्या नर्सबाई डूल बघतात हे वाचून डोळे भरून आले.

सातवीण
आमच्याकडे ३२ वृद्ध राहतात. संस्था लहान आहे, नाव लिहीत नाही. आठवड्यातून एकदा डॉक्टर येतात, मनापासून येतात, पैसेही घेत नाहीत. कायम राहणाऱ्या एक सिस्टर आहेत, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या.
गेल्या पावसाळ्यातली रात्र सांगतो. हृदय कमजोर असलेले एक आजोबा. दोन दिवसांपासून सिस्टर म्हणत होत्या, यांची चप्पल घट्ट होतेय, रात्री बसून झोपतायत, छातीत पाणी भरतंय. पण पाण्याची गोळी एकची दोन करायला डॉक्टरांची परवानगी हवी. फोन लागेना, वादळात टॉवर गेला होता. रात्री दोनला आजोबांना श्वास पुरेना. ॲम्ब्युलन्स आली, पण दरड कोसळल्यामुळे वळसा घालून जावं लागलं. आजोबा वाचले. अकरा दिवस हॉस्पिटल, त्यांतले चार आयसीयूत. परत आले ते चालायचे थांबून. आधी ते रोज देवळापर्यंत जायचे.
सिस्टरना दोन दिवस आधीच कळलं होतं. त्या अजूनही म्हणतात, "मी द्यायलाच हवी होती गोळी." त्यांनी कायदा पाळला आणि त्याचा सल मात्र त्यांच्याच मनात राहिला. डॉक्टरसाहेब, अशा वेळी काय करायचं?

जांभ्याचा चिरा
कालपासून हा प्रश्न डोक्यात आहे.
जे आज कायद्यात बसतं ते सांगतो. डॉक्टर आपल्या पेशंटसाठी, त्या एका माणसासाठी, आगाऊ लेखी सूचना देऊन ठेवू शकतो. तुमच्या आजोबांसारख्या माणसासाठी मी असं लिहीन: रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीआधी वजन. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर पाण्याची गोळी इतकी करा, इतके दिवस, आणि मला कळवा. वरचं प्रेशर १०० च्या खाली असेल तर सकाळची प्रेशरची गोळी देऊ नका, कळवा. शुगर ७० च्या खाली आणि माणूस शुद्धीवर असेल तर साखरपाणी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. खाली माझी सही, तारीख, आणि सूचना किती महिने चालेल तेही. म्हणजे निर्णय माझा, जबाबदारी माझी, आणि सिस्टरच्या हाताला बळ. हे मी गेली २६ वर्षं तोंडी करत आलोय, कागदावर कधी आणलं नाही. आणायला हवं होतं.
आणखी एक. नर्स प्रॅक्टिशनर हा शब्द आपल्याकडे अगदीच नवा नाही. अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे, आणि २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर प्रसूतीसाठी नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी आली, १८ महिन्यांचं शिक्षण. १९४७ च्या नर्सिंग कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदाही झाला. जन्माच्या बाजूला आणि आयसीयूत आपण सुरुवात केली. मधली दहा-पंधरा वर्षं, खाटेवरची, ती राहिली. तिथे नीट शिकलेली, डॉक्टरशी जोडलेली नर्स असावी याला माझा विरोध नाही. पहिल्या प्रतिसादात मी जितका ताठर होतो तितका आज नाही.

तांडेल
नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं कोझिकोडला होतो. तिथे १९९३ पासून वेदनाशामक देखभालीचं काम उभं राहिलंय आणि केरळ सरकारने २००८ मध्ये त्याचं धोरणही केलं. पंचायतीच्या पैशांतून नर्स जीपने घरोघर जाते, सोबत शेजारपाजारचे स्वयंसेवक. नर्स जखम बांधते, नळी बदलते, डॉक्टरांना कळवते. ती औषध लिहीत नाही, तिकडच्या अमेरिकन अर्थाने ती नर्स प्रॅक्टिशनर नव्हे. पण माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या सात महिन्यांत ती दर मंगळवारी आली. मंगळवार आहे म्हटल्यावर सोमवारी रात्री आम्हा सगळ्यांना झोप लागायची.
तोच समुद्र, तसेच माड, तशाच खाड्या. आपल्याकडे का होऊ नये?

खाडीपलीकडची
मंगळवारचं वाचून थांबले. माझ्या कामात सगळ्यांत मोठं काय, असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन: येणार हे माहीत असणं.
तांडेल यांनी शेवटच्या दिवसांचा विषय काढला म्हणून एक लिहिते. तिकडे माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे माणसाला शुद्धीत असताना विचारणं, तुम्हाला काय हवंय, काय नको. पुन्हा हॉस्पिटलात जायचं का? नाकातून नळी चालेल का? उत्तर लिहून ठेवायचं, घरच्यांना सांगायचं. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशी आगाऊ इच्छा लिहून ठेवायला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली, आता नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते. पण आपल्याकडे हा विषय घरात काढला तर अभद्र बोललं असं होतं. परिणामी रात्री बाराला घरघर लागली की सगळे घाबरतात, गाडी काढतात, करूळच्या किंवा फोंड्याच्या घाटातून कोल्हापूर गाठायला निघतात. कित्येकांचा शेवट त्या वळणांवर होतो, अनोळखी गाडीत.
मी बाबांना गेल्या गुरुवारी विचारलं. डावा हात माझ्या हातात होता. बोलणं अडखळतं, पण शब्द कळतात. म्हणाले, "घाट नको." आई देवघराच्या दारात उभी होती, ती आत गेली. संध्याकाळी पेज भरवताना मला म्हणाली, "बरं झालं विचारलंस. माझी विचारायची हिंमत झाली नसती." पेजेत चिमूटभर मीठ घालायला डॉक्टरांनी आता परवानगी दिलीय, त्यामुळे दोन वाट्या जातात.

चाकरमानी७२
जाऊन आलो. ताटात १७ प्रकार निघाले. टेलमिसार्टन ही प्रेशरची गोळी दोन वेगळ्या ब्रँडची, एक चिपळूणच्या कागदावरची, एक बहिणीने मुंबईत दाखवलं तेव्हाची. आई दोन्ही घेत होती, रोज, नेमाने. झोपून प्रेशर १२८, उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी ९६. चिपळूणच्या डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी दोनांतली एक थांबवली, नको त्या बाकीच्याही काढल्या, झोपेची गोळीही हळूहळू कमी करायला सांगितली. १७ चे सध्या ९ झालेत.
आई म्हणते डोकं हलकं झालंय. बावीवर कठडा बांधायला गवंडी सांगितलाय.
तिच्या पिशवीत मला माझीच चार वर्षांपूर्वीची औषधं सापडली, मी विसरून आलेलो. जपून ठेवली होती, "तुला लागतील म्हणून."

उपकेंद्रावरून
डॉक्टरसाहेबांच्या नमुन्यावरून आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलले. ते आधी कचरले, मग म्हणाले, चार पेशंटपासून सुरू करू, सूचना मी लिहितो, सही मी करतो. पायऱ्यांखालच्या चार घरांतलेच चौघं निवडले. वजनकाटा केंद्राचा एकच आहे, तो नेता येत नाही. गावातल्या महिला गटाने वर्गणी काढून दुसरा घेतला, तो आता खाली राहील. चारातल्या एका घरातली सून बारावी झालीये, आकडे ती लिहून ठेवणार. दर बुधवारी मी उतरणार.
माडाखालच्या बाई, तुमची ती सातवी गोळी कसली आहे? खालचं नाव इथे लिहा.

माडाखालची
चष्मा लावून वाचलं. पँटोप्राझोल लिहिलंय.

जांभ्याचा चिरा
बाई, ही ॲसिडिटीची. चार वर्षांपूर्वी सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या घेत होतात का? त्यांच्यासोबत देतात. त्या थांबल्या असतील तर हिची गरज आहे का, हे तुमच्या डॉक्टरांना नक्की विचारा. बाहेर तीस माणसं असली तरी विचारा.

खाडीपलीकडची
उद्या पहाटे मोपा विमानतळावर जायचंय. बॅग भरून झाली.
बाबांची जखम आता हरभऱ्याएवढी आहे, तळाशी लालसर आणि कोरडी. रात्रीचं अंथरूण आठवड्यातून एकदा-दोनदा ओलं होतं. शेजारच्या वाडीतली मुलगी जी.एन.एम.च्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, ती सुट्टीत घरी आली की येईल. बाकीच्या दिवसांत वहिनी. तालुक्याच्या डॉक्टरांनी लेखी सूचना दिल्यात, त्या माजघराच्या दाराला लावल्यात. खाली तक्ता: कूस, लघवी, शौच, पेज, जखम. शेवटचा रकाना वहिनीने स्वतः वाढवला, "आज काय बोलले".

खाडीपलीकडची
मिनीयापोलिसहून. वहिनीने आजच्या तक्त्याचा फोटो पाठवलाय, तसाच उतरवते. कूस: सगळ्या वेळा. लघवी: पाचदा. शौच: एकदा. पेज: दोन वाट्या, सोबत कुळथाची पिठी. जखम: तशीच, वास नाही. आज काय बोलले: "पाऊस गेला काय?"